चौदा सेकंद पुढे

चिकलठाण्याच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेला माल नापास केला. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरात नापास करण्यासारखं फार दिवस काही पुरलं नाही. बायको चारुता म्हणाली, "बाहेर जाऊन काहीतरी शिका. माझ्या फोडणीची तपासणी पुरे." म्हणून शहागंजात बद्रीनाथकाकांच्या दुकानी चावीची घड्याळं दुरुस्त करायला शिकू लागलो.

चार महिने एकच मेलेलं घड्याळ उघडत होतो, जोडत होतो.

"साहेब, पाय हलवू नका," काका दिवसातून वीसदा म्हणत. "टेबल हलतंय. गिऱ्हाइकाला वाटंल भूकंप आला."

सोमवारी त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. मी ते खोललं, साफ केलं, तेल दिलं, जोडलं. चाललं. काकांची रीत अशी, की दुरुस्त केलेलं घड्याळ चोवीस तास दुरुस्त करणाऱ्यानंच मनगटावर वागवायचं.

"जमलं तर उद्यापासून गिऱ्हाइकाची घड्याळं तुमच्याकडं. नाय जमलं तर घरी आराम करा. झाकण मात्र उघडायचं नाय."

अकरा वाजले होते.

घरी सांगितलं तशी चारुता गंभीर झाली. "त्यांनीही घरी पाठवलं, तर मी तुम्हाला कुठं पाठवू?"

दर दहा मिनिटांनी मी मोबाइलशी वेळ ताडून पाहत होतो. संध्याकाळी सहाला चार सेकंद पुढे. जेवताना सहा. सकाळी साडेनऊला चौदा. दीड तास उरला होता. एवढा फरक असलेला माल मी आयुष्यात पास केला नव्हता.

आत एक बारीक काटा असतो. केसभर सरकवला की घड्याळ मंदावतं. उपम्याची ताटली बाजूला सारून मी झाकण उघडलं. काटा सरकलाही असता. पण पाय हलला, चिमटा निसटला आणि बालकमानीत, म्हणजे केसाएवढ्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये, घुसला. घड्याळ थांबलं.

अकराला काकांनी भिंग लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"किती पुढं जात होतं?"

"चौदा सेकंद."

"दिवसाला?"

"हो."

"माझ्या हातावर होतं तवा रोज दोन मिनिटं पुढं पळायचं." त्यांनी भिंग काढलं. "लई झकास जोडलं होतं तुम्ही."

"म्हणजे पास?"

"काल पास होता. आज ही कमानी सरळ करा. नवी मिळत नाय. गिऱ्हाइकाच्या घड्याळाला बोट लावायचं नाय."

"किती दिवस लागतील?"

"हे इचारायचं बंद करत नाय तोवर."

मी चिमटा घेऊन बसलो. साडेअकरापर्यंत आणखी दोनदा विचारलं.