त्रेसष्टावा चिमटा

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता गॅनेटविक गावची माणसं समुद्रात उतरतात. का उतरता, असं विचारलं तर आजोबा उतरायचे म्हणून, असं सांगतात. आणि आजोबांना विचारायची सोय उरलेली नाही. आदल्या दिवशी टर्की, भाजलेले बटाटे आणि पुडिंग हादडून पोटाचं गाठोडं झालेलं असतं. त्याला उतारा म्हणून हे बर्फाइतकं गार पाणी. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

एनिड ब्रॅथवेट मात्र गेल्या एकोणीस वर्षांत कधी घोट्याच्या वर भिजली नव्हती. तिचं काम वाळूवर, चिमट्यांच्या दोरीपाशी. दोन खांबांमध्ये ताणलेली दोरी, तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर लाल रंगात आकडा. पाण्यात जाताना आपला चिमटा काढून अंगावर लावायचा आणि बाहेर आल्यावर परत दोरीवर अडकवायचा. दोरी भरली की माणसं पुरी. बत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेल्या बाईला याहून सोपं काम कुठलं?

यंदा तिच्या यादीत बासष्ट नावं होती आणि पाण्यात जाणार होते त्रेसष्ट. ही गोष्ट एनिडला ठाऊक होती आणि त्या त्रेसष्टाव्याला. तिसऱ्या कोणाला नाही.

त्रेसष्टावा म्हणजे क्लिफर्ड, तिच्या थोरल्या बहिणीचा, हिल्डाचा, नवरा. वय त्र्याहत्तर. मार्चमध्ये त्याची बायपास झाली होती. थंड पाण्याचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; आणि डॉक्टर एकदाच बजावतात, हिल्डा रोज बजावत होती. तरी हा बाबा चोवीस तारखेच्या दुपारी एनिडच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. ती सुक्या मेव्याचं सारण पाऱ्यांत भरत होती.

"एकोणपन्नास डुबक्या झाल्या, एनिड. कुठला शहाणा माणूस एकोणपन्नासवर थांबतो?"

"ज्याला जगायचंय तो."

"दोन मिनिटांचं काम आहे. आत आणि बाहेर. नाताळबाबाचा वेष करतो, दाढी लावतो. दरवर्षी दहाबारा नाताळबाबा असतातच, त्यात आणखी एक. हिल्डाला पत्ताही लागायचा नाही."

"आणि लागला तर?"

"तर मला मारेल. तुला कशाला?"

"तू चाळीस वर्षं तिचा नवरा आहेस, मी सदुसष्ट वर्षं तिची बहीण आहे. आधी मला मारेल."

असं म्हणून ती हसली, आणि हसली तिथेच फसली. खरं सांगायचं तर तिला त्याची दया आली, पण तेवढंच कारण नव्हतं. हिल्डा लहानपणापासून तिला सांगत आलेली: केस असे विंचर, घर तसं घे, नवरा गेल्यावर पडदे कुठले लाव. हिल्डाला ठाऊक नाही असं काहीतरी आपल्याजवळ असावं, याची एनिडला या वयातही गंमत वाटली. माणूस म्हातारा होतो, धाकटी बहीण होत नाही.

मग दोघांनी बेत केला. क्लिफर्ड गर्दीच्या पार टोकाला, दगडी बांधाजवळ पाण्यात शिरेल. तिथेच बाहेर येईल. बांधाच्या पायऱ्यांखाली त्याची कोरड्या कपड्यांची पिशवी असेल. वर जाता जाता तो आपली लाल टोपी पायऱ्यांच्या कठड्याला चिमट्याने अडकवेल. एनिडने आपल्या स्वयंपाकघरातला एक बिनआकड्याचा चिमटा त्याला दिला.

"कठड्यावर लाल दिसलं की मी समजेन तू बाहेर आलास," ती म्हणाली. "विसरलास तर याद राख."

आता अकराला दोन मिनिटं कमी होती आणि सूपचं टेबल नेमकं दोरीच्या शेजारी होतं. टेबलामागे हिल्डा, डोक्यावर नाताळच्या जेवणाला घालतात तो कालचा कागदी मुकुट, हातात ओगराळं. आदल्या दिवशीच्या टर्कीच्या हाडांचं सूप दरवर्षी तीच करायची.

"क्लिफर्ड एकटाच टेकडीवर गेलाय," ती म्हणाली. "रुसलाय. सकाळपासून एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, रुस. रुसलेला चालेल मला, मेलेला नको."

एनिडने यादीत डोकं घातलं.

नॉरिसने शिट्टी फुंकली. हा नॉरिस म्हणजे पूर्वीचा बचावनौकेचा म्होरक्या. आता दरवर्षी या दिवसाची राखण करायचा. लाटांपलीकडे त्याची रबरी नाव दोन पोरांना घेऊन डुलत होती. शिट्टीसरशी सगळा किनारा किंचाळत पाण्याकडे धावला. पेंग्विन धावले, पऱ्या धावल्या, पुडिंगचा वेष केलेला खाटीक धावला, गळ्यात पांढरी पट्टी तेवढी ठेवून पाद्री धावला. एनिड मात्र बांधाकडे बघत होती. तिकडे एक किंचित वाकलेला नाताळबाबा हळूहळू पाण्याकडे चालला होता. पाण्याने त्याच्या पावलांना स्पर्श केलेला तिने पाहिला. मग मधे एक मोठी लाट आणि तीत आडवी झालेली वीसेक माणसं आली, आणि पुढचं काही तिला दिसलं नाही.

माणसं जशी धावत गेली तशीच धावत आली, लाल, निळी, दात वाजवत. चिमटे दोरीवर पटापट बसू लागले. एनिड खुणा करत गेली. अकरा वाजून बारा मिनिटांनी पाद्रीने शेवटचा चिमटा अडकवला. बासष्ट.

कठड्यावर लाल काही नव्हतं.

"एनिड, झाली का सगळी?" नॉरिसने लांबूनच विचारलं.

ती कठड्याकडे बघत राहिली.

"एनिड! आली का सगळी? नाव आत घेऊ? पोरं गारठलीत."

हिल्डाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "अगं विचारतोय तो."

"बासष्टच्या बासष्ट," एनिड म्हणाली.

नॉरिसने हात हलवला आणि नाव किनाऱ्याकडे वळली.

 एनिडने स्वतःची समजूत घातली की तो बाहेर आला असणार आणि टोपीचं विसरला असणार. क्लिफर्ड ना, लग्नाच्या दिवशी अंगठी विसरला होता. इथेच कुठेतरी असेल. ती गर्दीत शिरली आणि एकेक नाताळबाबा बघू लागली. पहिल्याची दाढी खाली ओढली तर आतून पोस्टातली मुलगी निघाली. दुसरा फार उंच होता. तिसरा बिअर पीत होता आणि त्याला दाढी त्याची स्वतःचीच होती.

"कुणाला शोधतेस?" नॉरिसने विचारलं.

"एक नाताळबाबा."

"अकरा आहेत. हवा तो उचल. तुझ्या वयाला कुठलाही चालेल."

ती हसली नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिला तिथेच त्याचा हात धरून सांगता आलं असतं. तोंडापर्यंत शब्द आलाही होता. पण नॉरिसच्या खांद्यावरून पलीकडे हिल्डा दिसत होती, मुकुट सावरत लोकांना सूप वाढणारी, आणि एनिडचं तोंड उघडेना. अजून एक मिनिट थांबू. तेवढ्यात कठड्यावर टोपी दिसेल, तो कोरडे कपडे घालून येईल, सूप मागेल, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहील.

मग ती बांधाकडे निघाली. आधी चालत, मग या वयात जमेल तसं धावत. पायऱ्यांवर चारपाच बायका टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांच्या मागे, शेवटच्या पायरीखाली, पिशवी होती. उघडलेली नव्हती. वर जोडे नीट शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि त्यांत घडी केलेले मोजे.

"इथून कुणी वर गेलं का?" तिने विचारलं.

बायकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

एनिडने समुद्राकडे पाहिलं. बांधाच्या टोकापाशी, जिथे पाणी दगडांवर आपटून माघारी फिरत होतं, तिथे एक लाल टोपी वरखाली होत होती.

परत येताना ती दोनदा पडली. हिल्डाच्या समोर उभी राहिली तेव्हा तिला धाप लागली होती.

"क्लिफर्ड पाण्यात आहे," ती म्हणाली.

"क्लिफर्ड टेकडीवर आहे."

"नाही. मी त्याला चिमटा दिला. यादीत नाव घातलं नाही. तो बांधापाशी आत गेला आणि बाहेर आलेला नाही."

हिल्डाने ओगराळं पातेल्यात ठेवलं. अगदी सावकाश ठेवलं. मग ती ज्या आवाजात "नॉरिस" म्हणाली, तो आवाज एनिडने आयुष्यात ऐकला नव्हता.

नाव पुन्हा पाण्यात गेली. नॉरिसने बचाव केंद्राला फोन लावला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण जी माणसं आत्ताच कुडकुडत बाहेर आली होती, त्यांनी टॉवेल टाकले, एकमेकांचे हात धरले आणि बांधाजवळ पाण्यात शिरली. पेंग्विनने परीचा हात धरला होता, परीने खाटकाचा. कमरेएवढ्या पाण्यात ती साखळी पावलापावलाने, तळ चाचपत पुढे सरकत होती. मघाशी केवढा गलका होता. आता फक्त लाटांचा आवाज होता. नावेतल्या पोराने टोपी काठीने उचलली आणि उलटी करून पाहिली. आत काही नव्हतं, पण काय असायला हवं होतं कोण जाणे.

हिल्डा पाण्याच्या कडेला उभी होती. लाट तिच्या बुटांवरून जात होती. एनिड तिच्याजवळ गेली तशी ती एक पाऊल बाजूला सरकली. तेवढंच.

किती वेळ गेला ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग वरून, चर्चच्या वाटेवरून, टॉवेल सावरत पाद्री धावत आला. तो कपडे बदलायला गेला होता आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. किनाऱ्यावरची दशा बघून तो थबकला.

"कुणाला शोधताय?"

"क्लिफर्डला," नॉरिस म्हणाला.

"क्लिफर्ड? तो चर्चमध्ये बसलाय. शेवटच्या बाकावर. अनवाणी. मी त्याच्यासाठी चहा न्यायला आलो होतो."

त्याला आणलं तेव्हा सगळा किनारा त्याच्याकडे बघत होता. लाल झगा, दाढी हातात, डोकं उघडं. झगा कोरडा ठणठणीत होता. घोट्याच्या वर पाण्याचा थेंब नव्हता.

"पाय टाकला," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता. "आणि इथे, छातीत, काहीतरी धरल्यासारखं झालं. दुखलं नाही. भीती वाटली. एकोणपन्नास वेळा गेलो, कधी वाटली नव्हती. मागे फिरलो तर पायऱ्यांवर बायका बसलेल्या. पिशवी घ्यायची तर त्या विचारणार, काय क्लिफर्ड, झालं का. म्हणून बांधामागून वर गेलो. टोपी वाऱ्याने गेली." तो थांबला. "मला वाटलं, कुणाला कळणारही नाही."

कुणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. जिवात जीव आला की माणसं हसतात, त्यात वाईट काही नाही. नॉरिसने फोन करून सगळं ठीक असल्याचं कळवलं. पाण्यातली साखळी सुटली. खाटीक म्हणाला, पुढच्या वर्षी क्लिफर्डला बादलीत बुडवू आणि पन्नास पुऱ्या करू.

हिल्डाने नवऱ्याच्या झग्याची वरची गुंडी लावली. आपला कोट काढून त्याच्या खांद्यावर घातला.  मग ती एनिडकडे वळली.

"नॉरिसने विचारलं, नाव आत घेऊ का. तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"तेव्हापासून मला सांगेपर्यंत किती वेळ गेला?"

एनिडला एक मिनिट म्हणता आलं असतं. तिच्या मनगटावर घड्याळ होतं, दुसऱ्या कुणी वेळ पाहिली नव्हती.

"सहा मिनिटं," ती म्हणाली.

"अगं, जाऊ दे ना," क्लिफर्ड मधेच म्हणाला. "मी कोरडाच होतो, हिल्डा. काही झालं का? पाण्यात नव्हतोच मी."

"तुझ्याशी बोलत नाहीये मी, क्लिफर्ड." हिल्डाची नजर बहिणीवरून हलली नाही. "तिला कुठे ठाऊक होतं तू कोरडा आहेस ते?"

एनिडला सांगायचं होतं की मी तुला घाबरले. सदुसष्ट वर्षं घाबरत आले, आजही घाबरले, दुसरं काही नव्हतं. ते खरं होतं. पण सहा मिनिटांच्या समोर ते इतकं लहान वाटलं की तिने ते गिळलं.

"मी तुझ्या शेजारी उभी होते, एनिड," हिल्डा म्हणाली. "तुझ्या शेजारी. सूप वाढत होते."

नवऱ्याचा हात धरून ती वर निघाली. क्लिफर्डने एकदा मागे वळून पाहिलं, तिने पाहिलं नाही. पाण्यातून दुसऱ्यांदा आलेली माणसं टेबलापुढे रांगेत उभी होती, ओठ निळे, हात काखेत घातलेले. त्यांना एनिडमुळेच परत पाण्यात जावं लागलं होतं आणि कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. सूप वाढणारं मात्र आता कुणी नव्हतं. एनिड टेबलामागे गेली आणि वाढू लागली. वाटी पुढे करणारा प्रत्येक माणूस तिला थँक्यू म्हणत होता.