दोन झाकणांचा थर्मास

मी थर्मास बोलतोय. स्वयंपाकघरातल्या फळीवरून, साखरेच्या डब्याच्या मागून. पुढची जागा सध्या एका नव्या स्टीलच्या बाटलीने बळकावली आहे. तिच्याबद्दल मी शेवटी बोलेन. आत्ताच सुरुवात केली तर गोष्ट बाजूला राहील आणि नुसती आगपाखड होईल.

एक मात्र आधीच सांगून टाकतो. मी स्वभावाने हेवेखोर आहे. कारखान्यात मला घडवलं तेच मुळी असं: काचेची एक बाटली दुसरीच्या आत बसवली, दोन्हींमधली हवा ओढून घेतली आणि काचेला चकचकीत मुलामा दिला. आतलं आत ठेवायचं, बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. असा जन्म मिळाल्यावर कोण मनमोकळं राहील? दुकानात माझ्या शेजारी एक निळा थर्मास होता. तो माझ्याआधी विकला गेला, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

मला विकत घेतलं ते दोन जावांनी. सगळ्या घराची पहिलीच सहल ठरली होती, रेल्वेने, दिवसभराचा प्रवास. थोरलीने दुसराच एक थर्मास हातात घेतला होता, दिसायला माझ्याहून देखणा. पण धाकटी म्हणाली, "ताई, हा घेऊ या. याला दोन झाकणं आहेत, एकात एक. त्याला एकच आहे. मग एकीनं प्यायचं आणि एकीनं बघत बसायचं का?"

बाहेरचं मोठं झाकण थोरलीचं, आतलं लहान धाकटीचं, हे दुकानातच ठरलं. नवऱ्यांना कागदी पेले.

तेव्हा घर एक होतं. पुढे मुलं मोठी झाली, जागा पुरेना, म्हणून थोरली वरच्या मजल्यावर राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. पातेली वाटली, गाळणी वाटली, चमचे वाटले. मी एकटाच होतो. दोघी माझ्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी थोरली म्हणाली, "थर्मास तुझ्याकडेच असू दे. मी आपलं माझं झाकण नेते."

ते मोठं झाकण वर गेलं आणि तिच्या आरशापुढे केसांच्या पिना सांभाळत बसलं. मी खाली, उरलेलं लहान झाकण डोक्यावर घेऊन. ते वर काय काय बघत असेल, या विचाराने माझा जळफळाट व्हायचा.

थोरली पोस्टाच्या खिडकीवर बसते, संध्याकाळी दमून येते. धाकटी घरीच पडदे शिवते. तिचा नवरा शहरातली बस चालवतो, थोरलीचा नवरा चष्म्याच्या काचा घासतो. एका जिन्यावर राहूनही दोघी जावांचं बोलणं म्हणजे "दूध आलं का?" आणि "कपडे वाळलेत, काढून ठेवू का?" एवढंच. वर्षातून एकच दिवस सगळं उट्टं निघायचं. सुट्टीतला गाडीचा दिवस. साधा डबा, समोरासमोरची बाकं, खिडकीखालच्या फळीवर दोघींच्या मधोमध मी. पर्समधून झाकण निघायचं, चहा ओतला जायचा आणि जी बोलायला सुरुवात व्हायची ती उतरेपर्यंत. त्या दिवशी मी राजा असायचो. हे सगळं माझ्यामुळेच जमतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आणि यंदा थोरलीच्या लेकीने घोळ घातला. ती परगावी नोकरी करते. आईबाबांसाठी तिने परस्पर पहिल्या वर्गाची तिकिटं काढली.

थोरलीने ही बातमी जिन्यातच सांगितली, चपला काढता काढता. "अगं, मी नको नको म्हणत होते. पण ऐकते का ती! तिकडे म्हणे खुर्च्या मागे रेलतात. चहासुद्धा जागेवर आणून देतात, कपबशीत."

"वा! छान झालं की ताई," धाकटी म्हणाली. आत आली, मशीनवर बसली आणि पडद्याची शिवण पार वाकडी गेली.

कपबशीत! मी फळीवर ऐकत होतो. कपबशीला काय कळतं? चहा ओतला की तो निवायला लागतो, तिच्याच्याने तो धरून ठेवणं होत नाही. आणि तिला जागेवर बोलावतात, ट्रेमधून मिरवतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी नवरा बूट काढेपर्यंतही धाकटीला धीर धरवला नाही. "आपणही पहिल्या वर्गात जायचं का हो?"

"गाडी तीच आहे ना? मग पोहोचणार एकाच वेळी."

"तसं नाही. त्या तिकडे रेलून बसणार आणि आपण इकडे अंग चोरून."

"हे बघ, वर्षभर मी लोकांना नेतो. सुट्टीत मला कुठेही बसव. फक्त चाक माझ्या हातात देऊ नकोस."

अशा माणसाशी भांडून तरी काय होणार? धाकटी आपल्याशीच भांडत राहिली. एक दिवस ठरायचं, नको, उगाच खर्च, दोन मऊ खुर्च्यांसाठी नव्या मशीनसाठी साठवलेले पैसे कशाला मोडायचे? दुसऱ्या दिवशी जिन्यात थोरलीची नवी चाकांची बॅग दिसायची की हिच्या पोटात पुन्हा दुखायला लागायचं. "आपल्याला कोण काढून देणार तिकिटं?" असं ती पडद्याच्या कापडाला विचारायची. मी तिच्या बाजूने नव्हतो. साध्या डब्यात गेली तर मी मधोमध, पहिल्या वर्गात गेली तर मी या फळीवर. एवढा सरळ हिशेब होता.

शेवटी हेवा जिंकला. तिचा, माझा नव्हे.

नवरा तिकीट खिडकीवर गेला तर पहिला वर्ग भरलेला. दुसऱ्यांदा गेला, तेच उत्तर. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मात्र नुकत्याच दोन जागा सुटल्या होत्या, कोणीतरी परत केलेल्या. आपल्या साध्या डब्यातल्या जागा सोडून त्याने त्या घेतल्या.

"असल्या जागा कोण करंटं सोडतं, देव जाणे!" धाकटी हरखून म्हणाली. "ताईंना सांगू नका हं. गाडीत जाऊन समोर उभी राहते. मला त्यांचं तोंड बघायचंय."

मला धुऊन, पुसून, पालथा करून वरच्या फळीवर टाकलं गेलं. उलट्या डोक्याने मी त्या कपबशीला काय काय म्हणालो ते इथे सांगण्यासारखं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी थोरली खाली आली. दारातच उभी राहिली. "उद्या थर्मास नेणार आहात ना गं?"

धाकटी गडबडली. नाही म्हणावं तर गुपित फुटणार. "नेणार तर! तुम्हाला मिळेल जागेवर, आम्हाला कोण आणून देणार?"

"हो ना. नाही, सहज विचारलं," थोरली म्हणाली आणि जिना चढून गेली.

"बघितलंत?" धाकटी फणफणली. "खिजवायला आल्या होत्या. आम्ही साध्या डब्यात ना, याची खात्री करायला!" पण बोलून बसली होती. फलाटावर थोरलीने पाहिलं तर हातात थर्मास दिसायला हवा. सकाळी तिने मला खाली काढलं आणि त्याच रागात गळ्यापर्यंत भरलं, साखर जरा जास्तच. एका थापेच्या जोरावर मी सहलीला निघालो. मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

थोरले नेहमीप्रमाणे लवकर निघून गेले होते. आम्ही नेहमीप्रमाणे धावतपळत पोहोचलो आणि पहिल्या वर्गात शिरलो. खुर्च्या खरंच रेलत होत्या. पायाखाली गालिचा होता. धाकटीने मान उंच करून पुढे पाहिलं, मागे पाहिलं. समोर एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते, मागे एक बाई झोपेच्या तयारीत होत्या. थोरली कुठेच नाही. गाडी सुटली.

चहा आला, कपबशीतून. चांगला होता. खोटं कशाला बोलू, वास माझ्यापर्यंत आला. मी पिशवीत जळत बसलो. पण धाकटीने कपाला हातही लावला नाही. तिची नजर दारावर.

"अहो, यांची गाडी चुकली की काय? फोन करा ना."

त्याने फोन लावला. "दादा, कुठे आहात?"

"जागेवर. तुम्ही कुठे आहात?"

"आम्हीही जागेवरच आहोत."

मग भावाचं काहीतरी लांबलचक बोलणं. धाकटीचा नवरा ऐकता ऐकता आपल्या खुर्चीकडे बघायला लागला, मग तिच्या. फोन ठेवून म्हणाला, "ते साध्या डब्यात आहेत. वहिनींनी तिकिटं बदलून घेतली. तुला चकित करणार होत्या म्हणे."

"म्हणजे या खुर्च्या..."

"त्यांच्याच. तुझ्या त्या करंट्यांच्या."

धाकटी आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. मला पट्ट्याला धरून उचललं आणि ती निघालीच. मधल्या दाराशी थोरलीचा नवरा समोरून येताना दिसला, मागे तिकीट तपासनीस.

"मी यांच्या जागेवर बसतो, या माझ्या जागेवर," असं काहीतरी त्याने समजावलं.

"बसा," तपासनीस म्हणाला. "पण आता उतरेपर्यंत कोणी हलायचं नाही. माझं डोकं फिरेल."

असे दोघे भाऊ मऊ खुर्च्यांवर रेलले आणि दोघी जावा साध्या डब्यात.

थोरली खिडकीशी बसली होती, मांडीवर मोठं झाकण. तिच्या समोरच्या बाकावर, जिथे आम्ही असायचो तिथे, दोन अनोळखी माणसं. धाकटी तिच्या शेजारी टेकली. मला बाकावरच ठेवलं, दोघींच्या मधोमध. माझी जागा मला मिळाली.

"ताई, मी तुमच्यावर किती जळत होते, माहीत आहे?"

"आणि मी?" थोरली म्हणाली. "तिकिटं हातात आली तशी माझी झोप उडाली. सारखं वाटायचं, माझ्या जागेवर कोणीतरी भलतीच बाई येऊन बसणार आणि तू तिच्याशीही अशीच बोलत बसणार. तुला काय, तू कोणाशीही बोलतेस."

"अय्या, त्या बाईवर जळत होता?"

"हसू नकोस. आले ना मी परत?"

"थर्मासच्या चहासाठी आलात," धाकटी तिला चिडवत म्हणाली.

"चहाला काय जाळायचंय?" थोरली म्हणाली. "चहा तिकडेही मिळाला असता. तुझ्यासाठी आले."

मी ऐकलं. अगदी जवळून ऐकलं.

मग त्या बोलायला लागल्या. लेकीबद्दल, पोस्टातल्या नव्या साहेबाबद्दल, वाकड्या शिवणीबद्दल, वरच्या मजल्यावर संध्याकाळी किती सुनं वाटतं त्याबद्दल. थोरली झाकण हातात धरून हातवारे करत होती, हसू अनावर झालं की माझ्याच डोक्यावर ते वाजवत होती. मी वाट पाहत होतो. आता ओततील, पुढच्या स्टेशनानंतर ओततील. एक चहावाला डब्यातून गेला. "नको, आमच्याजवळ आहे," दोघी एकदम म्हणाल्या आणि बोलत राहिल्या.

उतरायच्या वेळी धाकटीने मला उचललं. "अगंबाई, ताई, हा भरलेलाच आहे की!"

मुक्कामाच्या खोलीत नवऱ्यांना विचारलं तर दोघेही पोटावर हात ठेवून म्हणाले, आम्ही तिकडे भरपूर प्यायलो. चहा मोरीत ओतला. अजून वाफ येत होती.

सारा जन्म मी कपबशीचा हेवा केला, झाकणाचा केला, त्या निळ्या थर्मासचा केला. ज्यांचा करायला हवा होता, त्या माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या मध्ये आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सहलीहून आल्यावर थोरलीने आपलं झाकण माझ्यावर बसवून टाकलं. "राहू दे याच्याजवळच. नाहीतरी मी खाली येतेच की आता." खरंच येते. संध्याकाळी पोस्टातून थेट. चहा पातेल्यातून कपात जातो, माझी गरज पडत नाही. माझ्याजवळ आता दोन्ही झाकणं आहेत, आणि आतली काच जुनी झाल्याने ऊब फार वेळ टिकत नाही. म्हणून लेकीने ती स्टीलची बाटली पाठवली आहे. दिवसभर गरम ठेवते म्हणे. ठेवत असेल बापडी. झाकण एकच आहे.

पुन्हा सुट्टी आली आहे. खाली टेबलाशी दोघींची तिकिटांवरून हुज्जत चालली आहे. धाकटी म्हणते, चौघंही पहिल्या वर्गात जाऊ. थोरली म्हणते, साधा डबा काय वाईट आहे? बायांनो, कुठल्याही डब्यात बसा, मी तक्रार करणार नाही. फक्त मला न्या. रिकामा न्या, भरून नेऊन दिवसभर उघडलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या मधोमध त्या बाटलीला बसवू नका.