आठ डब्या

आठही काचपट्ट्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली एकच चित्र दिसत होतं. अंकुशकृमीची अंडी, तीही दाट, आणि तुरीच्या सालीचे तेच तुकडे. शाळेतल्या मुलांच्या पोटातले जंत तपासायला पाचवीच्या वर्गातून शौचाचे नमुने आले होते. अक्कलकोटजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं हेच काम करते. आठ पोटं इतकी सारखी नसतात.

मी त्यांच्या वर्गाच्या सरांना फोन केला. डबी आणणार नाही त्याला खेळायला घेणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं म्हणे, आणि सगळ्यांनी आणल्या म्हणून ते खूश होते.

जंताची गोळी आठांनाही मिळणारच होती. पण ज्या मुलाचा हा नमुना होता, त्याचं रक्त हे जंत रोज थोडं थोडं पीत होते. त्याला गोळीवर सोडून चालणार नव्हतं. मला ते एक मूल हवं होतं, आणि वर्गात विचारून ते सापडलं नसतं. पोटात किडे असलेलं पोर म्हणून एकदा नाव पडलं, की ते शाळा सुटेपर्यंत चिकटतं.

आई त्या शाळेत चौदा वर्षं खिचडी शिजवत होती. ती जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून मी तिकडे फिरकले नव्हते. जेवणाआधी ती नळापाशी साबण घेऊन उभी राहायची आणि नळ पूर्ण सोडायची. पाण्याच्या आवाजात रांगेतल्या मागच्याला ऐकू जात नसे, म्हणून मुलं तिला काहीही सांगत. ती घरी त्यातलं अवाक्षर काढत नसे. मला त्याचा राग यायचा.

दुपारी गेले. आईच्या जागी आलेल्या मुक्ताबाईंनी काही न विचारता साबण माझ्या हातात दिला. मी नळ मोठा सोडला आणि त्या आठांना एकेक करून हळूच विचारलं, डबीतली शी कुणाची. विरेश नखं बघत राहिला. शरणबसव गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला, माझीच होती. चैतालीला दोन दिवस झालीच नव्हती. सहाव्या नंबरला दानेश्वरी, काटकुळी, अनवाणी. तिनं मनगटापर्यंत हात चोळले.

"सगळी माजीच हाय, ताई."

"आठही?"

"त्यांना येत न्हवती. मला रोज येती, येळेवर." त्यात अभिमान होता. "सर खेळाय घेणार न्हवते की त्यांना."

मी हसू दाबलं. घरचा संडास कडब्यानं भरलाय, म्हणून ती उसाच्या बांधाला जाते, असं कळलं. चप्पल चिखलात रुतते, म्हणून घरीच ठेवते. जंत तळपायातूनच शिरले होते. तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक होतं.

"वर्गात सांगणार व्हय?"

"नाही. पण उद्या आईला घेऊन दवाखान्यात ये."

"आन ह्यांच्या डब्या?"

"त्यांच्या त्यांनी आणायच्या."

"इरेशला लई दिवस लागतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर आली. मी सांगितलं नव्हतं, तरी नवी डबी घेऊन. हिमोग्लोबिन साडेसात भरलं. डॉक्टरांनी लोहाचं औषध लिहून दिलं, महिन्यानं पुन्हा बोलावलं, आणि कडबा दुसरीकडे हलवायचं तिच्या आईकडून कबूल करून घेतलं. तेवढ्यात दानेश्वरी माझ्या खोलीत आली. तिला तिची अंडी बघायची होती. मी स्टूल ओढून दिलं. बराच वेळ ती एक डोळा मिटून बघत होती.

"एवडी बारकी?" ती म्हणाली. जरा हिरमुसलीच.