आत्याबाईंना ‘येते’ म्हणू नये

दाराबाहेर.

कुलूप लागलं आणि आतून आत्याबाईंनी गळा काढला.

आत्याबाई म्हणजे मांजर. प्रत्येकाच्या ताटात डोकावून नाक मुरडते, म्हणून हे नाव. कुलूप लावणारी कवळ्या बनवते. वर्षानुवर्षं ती घरीच, ओट्यावर प्लास्टरचे साचे ओतायची. आता लॅबने सगळ्यांना एका छताखाली बोलावलंय. निघताना ती सांगते, येते हं. निघणाऱ्याने ‘जाते’ म्हणू नये, हे आईने चापट मारून शिकवलेलं.

दाराच्या आत.

(हे शेजारच्या काकांनी भिंतीतून ऐकलेलं. ते घरीच घड्याळं दुरुस्त करतात, म्हणजे बारीक आवाजांवरच पोट.) दुपारपर्यंत रडणं. मग दार खरवडणं. मग काहीच नाही, आणि काकांना तेच सगळ्यात वाईट वाटतं. संध्याकाळी ती परतते तेव्हा बशी जशीच्या तशी. मांजर दाराशी, पाठीची हाडं हाताला लागणारी.

मधेच दादा.

तिचा भाऊ टोपली घेऊन आला. त्याच्याकडे घरभर माणसं. मुक्या जिवाचे हाल नकोत, नोकरी सुटत नसेल तर मांजर दे, एवढंच त्याचं म्हणणं. ती म्हणाली, ने. आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून बसली.

त्याने हाक मारली.

“येते रे दादा,” ती आतून म्हणाली.

दादाच्या मांडीवरची आत्याबाई उडाली. धावत न्हाणीच्या दाराशी गेली आणि शेपटी पायांभोवती गुंडाळून बसली.

ती बाहेर आली तेव्हा, ही अशी का बसली, दादाने विचारलं. मग तिला उमगलं, आणि तिने सांगितलं. हात प्लास्टरमध्ये असायचे, आत्याबाई रिकाम्या बशीपाशी ओरडायची, ती म्हणायची येते, येते. आणि लगेच यायची. या घरात ‘येते’चा अर्थ तेवढाच होता.

“म्हणजे रोज सकाळी तू तिला सांगतेस, आलेच. आणि कुलूप लावतेस,” दादा म्हणाला. “मांजर वेडं नाही. तूच थापाडी आहेस.”

हा आठवडा बघू, त्याने ठरवलं. पण ‘जाते’ म्हणायचं. तरीही रडली तर मात्र नेणार. ती म्हणाली, माझी जीभ वळणार नाही. दादा म्हणाला, लोकांचे दात घडवतेस, स्वतःची जीभ वळव.

दार. (आत की बाहेर, अजून ठरायचंय.)

दुसऱ्या दिवशी सकाळी. चपला पायात. पिशवी खांद्याला.

“आत्याबाई, मी जा...”

पुन्हा.

“जाते.”

काही कोसळलं नाही. आत्याबाईने एक कान हलवला, बशीकडे गेली, चार घास खाल्ले आणि खुर्चीवर चढून वेटोळं केलं.

कुलूप लावून तिने दाराला कान लावला. आत चिडीचूप. एवढंच? एक म्यावसुद्धा नाही? तिने नाक ओढलं.

काका बाहेर आले. “आतलं तर गप्प झालं,” ते म्हणाले. “मग हे बाहेरचं कोण रडतंय?”

डोळे पुसून ती हसली. “चला काका, येते.”

आत धप्प. खुर्चीवरून उडी. पावलं दाराकडे.

काकांनी कपाळावर हात मारला. ती ओणवी झाली, दाराच्या फटीला तोंड लावलं. “जाते गं बाई माझी, जाते,” ती म्हणत राहिली, नखांची टकटक पुन्हा खुर्चीकडे जाईपर्यंत.