सतरा नापास

आधीच्या मुख्याध्यापकांना शिक्षक पाठीमागे 'शंभरटक्के' म्हणायचे. वर्गातलं एक जरी मूल नापास झालं, तरी ते त्या शिक्षकाला सगळ्यांदेखत असं काही झापायचे की बिचाऱ्याला दिवसभर तोंड वर करवत नसे. म्हणून गणिताच्या बाईंनी एक सोय काढली होती. उत्तरपत्रिकेवर खरे गुण पेन्सिलीने लिहायचे आणि निकालपत्रकावर शाईने पस्तिसाच्या पुढचे. उत्तरपत्रिका कपाटात, कुलूप लावून. अशी बारा वर्षं बिनबोभाट गेली.

यंदा शंभरटक्के निवृत्त झाले आणि मोठ्या बाई आल्या. गणिताच्या बाईंनी सातवीचा सहामाही निकाल सवयीने तसाच भरून दिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "उत्तरपत्रिका घेऊन या."

पेन्सिल खोडता येते! बाईंनी खोडरबर हातात घेतलासुद्धा. पण मग स्वतःचीच इतकी शरम वाटली की तो टाकून त्यांनी गठ्ठा जसाच्या तसा उचलला.

मोठ्या बाईंनी चार-पाच उत्तरपत्रिका पत्रकाशी ताडून पाहिल्या.

"मीच वाढवलेत," बाई घाईघाईने म्हणाल्या. "एकेचाळिसांत सतरा नापास आहेत. नोकरीवरून काढायचं असेल तर काढा, पण आजच काय ते सांगून टाका."

"अडलेत कुठे सतराजण?"

बाई बोलणी खायच्या तयारीने आलेल्या. हा प्रश्न आहे, हे कळायलाच त्यांना जरा वेळ लागला.

"अपूर्णांकात. पार पाचवीपासून."

"मग हे पत्रक फाडा, खरं लिहा. घरच्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. शेवटच्या तासाला आठजण माझ्याकडे पाठवा, नऊ तुम्ही घ्या. आणि पुन्हा असं केलंत तर मात्र माझ्याशी गाठ आहे!"

बाहेर येऊन बाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. हसू येत होतं, रडूही येत होतं.

वर्गात त्यांनी पहिल्यांदाच उत्तरपत्रिका वाटल्या. दरवेळी छत्तीस-सदतीस मिळवणाऱ्या एका मुलीच्या हातात एकोणीस गुणांची आली. आता ही भोकाड पसरणार, म्हणून बाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मुलीने आकडा नीट पाहिला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"बरं झालं, बाई," ती म्हणाली. "मला येत नाही, हे इतके दिवस एकट्या मलाच माहीत होतं."