तिसऱ्या प्लगची वायर

बॉनेट उघडल्याबरोबर जळक्या रबराचा वास आला, आणि आत काही बघायच्या आधीच तिनं कपाळाला हात लावला. तिसऱ्या प्लगची वायर. पुन्हा. दीड महिन्यात ही तिसरी खेप.

गाडी तिच्या सासऱ्यांची होती. लाल, बसकी, दोघांपुरती, आणि वयानं तिच्याहून मोठी. सासऱ्यांनी उभा जन्म या गॅरेजमध्ये काढला होता. जुने कारागीर त्यांना अजून उस्तादच म्हणत. मुलाला गाड्यांत रस नव्हता, तो दातांचा डॉक्टर झाला. गॅरेज आलं ते सुनेकडे, कारण लग्नाआधीपासून ती इथंच इंजिनं उघडत होती. उस्ताद निवृत्त झाले, म्हणजे सकाळी नऊऐवजी साडेनऊला खाली यायला लागले. बाकी फरक शून्य.

या इंजिनाची गोम अशी की, धूर बाहेर नेणारे लोखंडी पाईप नेमके प्लगच्याच बाजूला होते. चढावर ते असे तापायचे की हात जवळ नेता येऊ नये, आणि प्लगच्या चारही वायरी त्यांच्यावरून जेमतेम चार बोटं अंतर राखून जायच्या. उष्णतेनं वायरीचं वेष्टण तडकलं की ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच शेजारच्या लोखंडावर उडी मारायची आणि गाडी आचके द्यायची.

पहिल्या वेळी उस्तादांनी वायरी सरळ दिसाव्यात म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. पट्ट्या वितळल्या, वायर थेट पाईपवर जाऊन बसली. मग तिनं नव्या वायरी मागून वळवून नेल्या, प्रत्येकीवर उष्णता अडवणारी जाड विणीची नळी चढवली. आठवड्यानं बघते तर नळ्या गायब, वायरी पुन्हा पाईपवरून सरळ रेषेत, आणि तिसरी करपलेली.

आणि आज? आज वायरींवर चकचकीत चंदेरी कागद गुंडाळलेला होता.

"बाबा!"

उस्ताद दारात पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

"बाबा, हा स्वयंपाकघरातला कागद आहे."

"उष्णता परतवतो तो. तुलाच उष्णतेची काळजी होती ना?"

"अहो, हा धातू आहे! वायरीला बारीकशी जरी चीर पडली तरी सगळी वीज या कागदावाटे पळून जाणार. हे तुम्हीच मला शिकवलंय!"

"मग बरोबरच शिकवलं असणार," पेपरामागून उत्तर आलं.

"आणि मी घातलेल्या नळ्या?"

आता मात्र पेपर खाली आला. "अगं, मोजे घातल्यासारख्या दिसत होत्या वायरी! रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. परीक्षक बॉनेट उघडणार. त्यांना काय मोजे दाखवू?"

तिनं दहापर्यंत आकडे मोजले. मग कागद ओरबाडून काढला आणि टॉर्च घेऊन इंजिनात वाकली. रागाच्या भरात माणूस कधी कधी नीट बघतो. पाईपांच्या वरच्या कडेला तिला दोन भोकं दिसली. आत आटे पाडलेले, पण बोल्ट नाही. कारखान्यात कोणी उगाच आटे पाडत नाही.

"इथं काय बसायचं, बाबा?"

"कुठं?" उस्ताद उठलेच नाहीत. "असेल काहीतरी. जुनी गोष्ट आहे."

त्यांचं 'असेल काहीतरी' तिला पुरतं ठाऊक होतं. ती तडक जिना चढून वर गेली. सासूबाई कपड्यांना इस्त्री करत होत्या.

"आई, गाडी नवी होती तेव्हा इंजिनात वर एखादा पत्रा होता का हो? पाईपांवर?"

सासूबाईंनी गरम इस्त्री बाजूला ठेवली आणि ज्याच्यावर ठेवली त्याकडे बोट दाखवलं. "हा?"

हातभर लांब, कडा दुमडलेला, दोन टोकांना दोन भोकं असलेला जाड पत्रा.

"खडखडतो म्हणून यांनी काढून फेकला होता. मी उचलून आणला. तीस वर्षं झाली, टेबल एकदासुद्धा जळलं नाही माझं."

टेबल जळलं नाही. वायरी मात्र जळत राहिल्या. ती मटकन खुर्चीत बसली. हसावं की रडावं कळेना. शेवटी सासूबाईंना टाईलचा तुकडा आणून दिला आणि पत्रा खाली नेला. पत्रा बसवला, वायरी मागून नेल्या, नळ्या चढवल्या. उस्ताद बघत राहिले. म्हणाले एवढंच, "खडखडणार."

रविवारी मेळाव्याचं मैदान टेकडीवर होतं. गाडी एकही आचका न देता वर चढली. पण पत्रा खडखडत होता, आणि प्रत्येक खडखडीला उस्ताद तिच्याकडे बघत होते.

परीक्षकांनी बॉनेट उघडलं. "हे काय घातलंय वायरींना?" त्यांनी विचारलं.

उस्तादांनी छाती पुढे काढली. "या इंजिनात वायरी उघड्या ठेवणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, साहेब. सरळ रेषेच्या हौसेपायी लोक गाड्यांचं वाटोळं करतात. मागून वळवायच्या, नळी घालायची, आणि कारखान्याचा मूळ पत्रा कधी काढायचा नाही. कधीच नाही!"

ती तडक पाणी प्यायला निघून गेली.

बक्षीस भलत्याच एका हिरव्या गाडीला मिळालं. उतरताना अर्ध्या वाटेवर उस्तादांनी गाडी बाजूला घेतली आणि सीटमागून हत्यारांची गुंडाळी काढली.

"त्या पत्र्याला हात लावाल तर बघा," ती म्हणाली.

"लावणार. गाडी गार होऊ दे."

"बाबा, मी इथून चालत जाईन हं!"

"जा की. उतारच आहे."

ती गेली नाही. दोघं वीस मिनिटं रस्त्याकडेच्या कठड्यावर तोंडं फिरवून बसली. मग उस्तादांनी बोल्ट सैल करून पत्रा काढला, गुडघ्यावर धरला आणि दोन्ही तळव्यांनी मधोमध अगदी बारीक बाक दिला. इतका बारीक, की तिला तो डोळ्यांनी दिसला नाही, बोट फिरवल्यावर लागला. पुन्हा बसवताना बोल्ट आवळले तसा पत्रा ताणून बसला. त्यांनी इंजिन सुरू केलं, वेग वाढवला, कमी केला. पत्रा गप्प. तिनं वाकून कान लावला. नुसता इंजिनाचा एकसारखा आवाज. हे तिला सुचलं नसतं, आणि हे कबूल करावं लागतंय याचाच तिला जास्त राग आला.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच होतं? मग तीस वर्षांपूर्वी का नाही केलंत?"

उस्तादांनी हात पुसले आणि हत्यारांची गुंडाळी सीटमागे टाकली.

"तेव्हा घाईत होतो," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.