गिंकोखालचा वास

माळीणबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती त्या काळ्या पिशवीमुळे. ग्रंथालयाच्या अंगणात आठवडाभर घाण वास सुटला होता, कुणीतरी ओकून ठेवल्यासारखा. वाचक नाकाला रुमाल लावून ये-जा करत होते. आणि सकाळी साडेसहाला, कुणी यायच्या आत, शिपाई झाडाखालून पिशवी पाठीमागे लपवत निघाला होता.

"आज लवकर आलात, वहिनी," एवढंच म्हणाला आणि सटकला.

हो, वहिनी. शिपाई म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा दीर. घराच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. चार वर्षं हं आणि नाही यावर भागत होतं. अशा माणसाने भल्या सकाळी वहिनीच्या झाडाखाली काय करावं?

झाड बाईंचंच म्हणायचं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच लावलेला गिंको. डायनासोर हिंडत होते तेव्हाही ही जात होती म्हणे. वसंतात इवलेसे हिरवे पंखे फुटायचे, उन्हाळ्यात अशी गर्दी की वरचं आभाळ दिसू नये, शरदात सगळं झाड हळदीसारखं पिवळं. मग थंडीची एक रात्र अशी यायची की सकाळी दोन तासांत झाड पार उघडं! बाकीची झाडं महिनाभर रडतरडत पानं गाळतात, याचं तसं नाही.

या जातीत मादीची फळं खाली पडून सडली की हाच वास येतो, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांचं झाड नर. तसं त्यांनी लिहून दिलं होतं, म्हणून तर लावायची परवानगी मिळाली. नराला कधी फळ धरतं का? आणि जुन्या दफनभूमीपाशी गिंकोची मादी होती, दिराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. झालं! तिथली फळं आणून हा इथे टाकतो, झाड तोडायला लावतो, वहिनीची जिरवतो. एवढं सरळ दिसत असताना विचारायचं काय? बाईंनी ग्रंथपालबाईंकडे लेखी अर्ज दिला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "शुक्रवारी अकराला दोघंही या. त्याचं कृत्य असेल तर तो घरी जाईल. झाडाचा वास असेल तर झाड जाईल."

दिराला हे कळलं, तरी तो चकार शब्द बोलला नाही. चोर तो चोर, वर ताठा बघा, असं बाईंना वाटलं.

शुक्रवारी पहाटे कडाक्याची थंडी पडली. बाई आल्या तेव्हा पानं सरसर गळत होती. आठ वाजता झाड रिकामं झालं. झाडू टेकवून त्यांनी सवयीने वर पाहिलं. शेंड्याजवळच्या एकाच फांदीवर पिवळी फळं लोंबत होती. बाकी झाडावर एक नाही. उन्हाळ्यात हिरव्यात हिरवी, शरदात पिवळ्यात पिवळी, दिसणार कुणाला? क्वचित नराची एखादी फांदी मादी होते, असं त्यांच्या गुरूने एकदा सांगितलं होतं. तेव्हा त्या हसल्या होत्या.

करवत खोलीत होती. शिडीही होती. फांदी गुपचूप उतरवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. झाड वाचलं असतं, आणि दीर गेला असता. बाई शिडीपर्यंत गेल्या, खरं सांगायचं तर हातही लावला. मग स्वतःचीच लाज वाटली.

अकराला त्यांनी पानांतून वेचलेली चार फळं ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवली. खोलीभर वास पसरला.

"झाडाचीच आहेत. एका फांदीची. चूक माझी, यांची नाही."

ग्रंथपालबाईंनी खिडकी उघडली. "एकच फांदी ना? कापा ती. झाड राहू दे." मग शिपायाकडे वळल्या. "आणि पिशवीत काय होतं?"

"हीच फळं. रोज वेचून लांबच्या कचराकुंडीत टाकत होतो. वास वाढला तर झाड तोडतील म्हणून."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

दिराने वहिनीकडे पाहिलं.

"वहिनी विचारतील म्हणून वाट बघत होतो," तो म्हणाला. "त्यांनी अर्ज दिला."